आधी विचारायचं, मग तोडायचं

॥ श्री ॥
श्रावण शुद्ध तृतीया

चि. सौ. छोटीस,


फोनवर पाठवलेला तुझा लांबलचक मजकूर वाचला. तू जे विचारलंयस त्याचं उत्तर फोनवर चार ओळींत देववेना, म्हणून पत्र लिहायला बसले. घरातलं कोणी वाचलं तरी चालेल. मी जे लिहितेय ते सगळ्यांसमोर म्हणायलाही मला हरकत नाही.

विहीणबाईंना वाटतं, पोरांच्या तोंडात आतापासून स्तोत्रं बसायला हवीत. जावईबापू म्हणतात, मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील, तोवर देवधर्म लादू नका. तुला दोघांचंही थोडं थोडं पटतं. त्यात शाळेत ‘निसर्गप्रेम’ म्हणून रंगीत कागदाची झाडं चिकटवून घेतात आणि रविवारी टेकडीवर नेलं की अर्ध्या तासात मुलं मोबाईल मागतात. या सगळ्यात आपण कुठे सुरुवात करावी, असं तू विचारतेस.

माझं म्हणणं एवढंच आहे की श्रद्धा आणि निसर्ग असे दोन तास वेगळे करू नकोस. पाच वर्षांच्या थोरल्याला आणि तीन वर्षांच्या धाकटीला विषय कळत नाहीत, आपण हाताने काय करतो ते दिसतं. कशाला हात लावायचा नाही आणि लावायचाच तर कसा, हे मूल सगळ्यात आधी शिकतं. आपल्या जुन्या माणसांनी धर्मातलं पुष्कळसं शहाणपण याच ठिकाणी ठेवलंय. संध्याकाळी झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलंय. तुळशीची मंजिरी खुडायची तर आधी नमस्कार करायचा. फुलं तोडायची तर सगळी तोडायची नाहीत, वेलीवर चार ठेवायची. हे सांगायला पोथी लागत नाही, आणि मुलाला ते लगेच पटतं, कारण झाड झोपतं यावर त्याचा आधीपासूनच विश्वास असतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातली मुक्या फुलांची रात्र पुन्हा काढून वाच. फुलं मिळवायची चढाओढ लागली म्हणून पोरं न उमललेल्या कळ्याच तोडून आणतात, आणि पूजेसाठी असली तरी कळी झाडावर उमलू द्यावी, हे आई श्यामला समजावते. भक्ती आणि झाडाची कणव तिथे एकाच वाक्यात येते. श्यामचं ते पालगड आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच. त्या माउलीला निसर्गशिक्षण हा शब्द ठाऊक नव्हता.

देवाचा बागुलबुवा मात्र करू नकोस, ही माझी हात जोडून विनंती. ‘पान तोडलंस, आता बाप्पा शिक्षा करील’ असं घरात कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव. भीतीने आवरलेला हात पाहणारं कोणी नसलं की सुटतो. मी शाळेत इतकी वर्षं मुलं पाहिली. धाकापोटी फुलं न तोडणारी मुलं मधल्या सुट्टीत सगळ्यात आधी फांदी ओरबाडायची. उलट ‘याला विचारलंस का?’ एवढं म्हटलेलं मूल खरोखर झाडापाशी जाऊन विचारतं. झाड काय म्हणालं, तेही सांगतं.

मी हे बोलतेय ते आमच्या देवराईमुळे. तू लहानपणी तिथे आली आहेस, पण तेव्हाची नजर वेगळी. गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याला लागून आहे ती. सड्यावरून खाली उतरलं की उन्हाची धग एकदम तुटते. बेहडा, किंजळ, सातवीण, चारचार माणसांच्या कवेत न येणारे बुंधे आणि त्यांच्यावरून झोके घेणारी गारंबी, जिच्या शेंगा हातभर लांब. पायाखाली पाचोळ्याचा इतका थर की पाऊल टाकलं तर आवाज येत नाही, फक्त दबतं. मधोमध देवीचा तांदळा, नाक-डोळे नसलेला नुसता शेंदरी दगड. या रानातून वाळकी काटकी चुलीला न्यायची नाही, हा गावाचा नियम. एखादं झाड काढायचंच झालं तर गुरवाने देवीला कौल लावायचा. पाकळ्या उजव्या बाजूने पडल्या तर होकार, नाहीतर विषय संपला. म्हणजे झाडालासुद्धा न तुटण्याची संधी होती.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया हिंडून त्यांची नोंद केली. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत जुनं रान टिकून राहिलं, हे त्यांनी जगापुढे मांडलं. आम्हाला ते ओढ्याने सांगितलं होतं. शिमगा झाला की आसपासचे वहाळ आटतात, देवराईतला झरा मात्र चैत्र-वैशाखातही वाहतो, कारण पाचोळा आणि सावली पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात.

तिथल्या एका बेहड्याच्या ढोलीत धनेशाची जोडी येते. आमच्याकडे कोणी त्याला ककणेर म्हणतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. मग अंडी उबवून पिल्लं जरा मोठी होईपर्यंत तिचं सगळं खाणं-पिणं नरावर. तो वड, उंबर, पिंपळाची फळं घशात साठवून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. ढोलीखाली उभं राहिलं की पडलेल्या बियांचा खच दिसतो, त्यातल्या काहींना कोंब फुटलेले असतात. ही मोठी ढोली शंभर वर्षं कुऱ्हाड न लागलेल्या झाडालाच असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या पोराला ‘देव कशाला राखायचा?’ आणि ‘जंगल कशाला राखायचं?’ हे प्रश्न वेगळे वाटणार नाहीत.

पण एक वाईटही लिहिते. कित्येक गावांनी तांदळ्यावर मोठं देऊळ बांधायचं म्हणून भोवतीची राईच काढली. फरशी आली, पत्र्याचा मंडप आला, झरा आटला. श्रद्धा कमी झाली म्हणून हे घडलं नाही. देणग्या तर वाढल्याच. त्या श्रद्धेत झाडापुढे हात आवरणं उरलं नव्हतं. म्हणून विहीणबाईंना माझा निरोप सांग: स्तोत्रं जरूर शिकवा, तुमचा आवाज गोड आहे, मुलांना ती आयुष्यभर आठवतील. पण दूर्वा निवडायला नातवंडांना शेजारी बसवा.

आता तुझ्या चौथ्या मजल्यावर काय करता येईल ते. परवा नागपंचमी. त्या दिवशी खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. घरी पुरणाची दिंडं उकड आणि मुलांना सांग की आज आपण मातीला आणि तिच्यात राहणाऱ्यांना त्रास न देण्याचा दिवस पाळतोय. पावसाने बिळात पाणी शिरतं, साप बाहेर येतात, त्यांना वाट द्यायची. साप दूध पीत नाही, उंदीर-बेडूक खातो, हेही स्वच्छ सांग. टोपलीत नाग घेऊन कोणी दारात आलं तर पैसे देऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग असा पकडून फिरवणं हा गुन्हा आहे, आणि त्या जिवाचे हाल तर असतातच. साप दिसला तर जागच्या जागी थांबायचं, मागे सरकायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, हे थोरल्याकडून घोटून घे. खरं सांगितल्याने मुलांची श्रद्धा ढळत नाही. पुढे मोठेपणी आपलं खोटं उघडं पडलं की ढळते.

गणपतीची पत्री बाजारातून जुडी करून आणू नकोस. एकवीस पत्री आपल्या हाताने जमणार नाहीत, न जमोत. पाचच आण, पण मुलांना ओळखू येतील अशा. दूर्वा, माका, आघाडा, शमी, बेल पुरे. या दिवसांत टेकडीच्या वाटेवर आघाडा हमखास सापडतो. त्याचा तुरा धाकटीच्या हाती दे आणि वरून खाली बोट फिरवायला सांग. गुळगुळीत लागेल. मग खालून वर. बोचेल. त्याचे दाणे खाली तोंड करून देठाला चिकटलेले असतात आणि परतताना तिच्या फ्रॉकलाही चिकटून घरी येतील. ते काढताना सांग की आघाड्याला पाय नाहीत, म्हणून तो आपल्या कपड्यांवर बसून गाव फिरतो. बाप्पाला हे बारकं तणसुद्धा लागतं, ही गोष्ट मुलाच्या मनात फार खोल जाते. धोतरा, कण्हेर आणि रुई मात्र विषारी. त्यांना मुलांचा हात लागू देऊ नकोस, लागलाच तर लगेच धुऊन घे. आणि मूर्ती शाडूची, लहानशी, घरातच बादलीत विसर्जन करता येईल अशी. मूर्ती विरघळताना पाहून धाकटी रडेल. रडू दे, जवळ घे, पण तिचं लक्ष दुसरीकडे वळवू नकोस. ती माती कुंडीत घाल.

खरी मेजवानी नवरात्रात आहे. घट बसवशील तेव्हा परडीतली माती मुलांना चाळू दे, धान्य त्यांच्या मुठीने पेरू दे. त्याच दिवशी दुसऱ्या एका कुंडीत तेच गहू पेरून खिडकीत ठेव. रोज दोन्हींना पाणी. चार-पाच दिवसांनी देवघरातले कोंब उंच, लवलवते आणि पिवळट दिसतील, खिडकीतले बुटके आणि हिरवेगार. थोरला विचारेल, बाप्पाजवळचे पिवळे का? लगेच उत्तर देऊ नकोस, दोन दिवस त्याला विचार करू दे. मग सांग की अंधारात कोंब उजेड शोधत लांबच लांब वाढतो, आणि पानात हिरवा रंग भरायला उजेड लागतो. दोन्ही कोंब देवाचेच आहेत. हे जावईबापूंना करायला सांग. त्यांना विज्ञान आवडतं ना, घटाशेजारी मांडी घालून बसून त्यांनी मुलाला समजावू दे. त्या घरात श्रद्धा कोणाची आणि विज्ञान कोणाचं, अशी वाटणी मुलांना दिसता कामा नये.

दसऱ्याला आपट्याची ओरबाडलेली फांदी विकत घेऊ नकोस. एकच पान द्यावं, तेही आपट्याचंच. बाजारात कांचनाची पानंही खुशाल आपट्याची म्हणून विकतात. वटपौर्णिमेच्या कापलेल्या डहाळ्यांबद्दलही माझं हेच मत आहे. चालत वडापर्यंत जा, मुलांना पारंब्यांना लोंबकळू दे, मग सूत गुंडाळ. कबुतरांना पसाभर दाणे टाकण्याचं पुण्य नको, त्यापेक्षा उन्हाळ्यात गच्चीत उथळ पसरट भांड्यात पाणी ठेव आणि ते रोज बदल. मेलेलं फुलपाखरू सापडलं तर ‘देवाकडे गेलं’ एवढ्यावर सोडू नकोस, मुलांबरोबर ते कुंडीत पुरा. तीन वर्षांच्या मुलीला मातीत जाणं समजतं.

टेकडीवर मोबाईल मागतात म्हणालीस. अर्धा तास चालवत नेतेस म्हणून मागतात. लहान मुलाला डोंगर दिसत नाही, मुंगळ्यांची रांग दिसते. एका जागी बसा. पिकलेलं उंबर उघडून दाखव, आतून बारीक किडे निघतील. ‘याची फुलं आतच असतात, मिटलेली, आणि हे पाहुणे त्यांच्यासाठीच आलेत’ असं सांग. दत्तगुरूंच्या पायाशी हे झाड का असतं, ते मग विचारतीलच. तू स्वतः मात्र फोन घरी ठेव. हे तुला जड जाईल, पण याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

रात्री झोपताना दोघांना विचार, आज कोणाचे आभार मानायचे? पहिल्यांदा आई-बाबा, आजी म्हणतील. काही दिवसांनी पाऊस येईल, दारातली मांजर येईल, वरणभात येईल. आपण सुचवायचं नाही. ऐकायचं आणि दिवा मंद करायचा.

तू स्वतः किती मानतेस, हेही तू शेवटी लिहिलंयस, जरा घाबरतच. मुलांपुढे न मानता मानल्यासारखं करू नकोस, त्यांना ते कळतं. जिथे तुझे हात आपोआप जुळतात तिथेच जोड. तुळशीपाशी जुळत असतील तर तुळशीपाशी. समुद्रापाशी जुळत असतील तर फेब्रुवारी-मार्चात पोरांना घेऊन मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे सागरी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी नेणारा गाव आता पिल्लं पाण्याकडे जाताना पाहुण्यांना घेऊन वाळूत उभा असतो. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, ते मुलांना आधी दाखवून ठेव म्हणजे वाळूतलं कासव पाहिल्यावर ओळख पटेल.

मे महिन्यात रजा काढून सगळी इथे या. धनेश तेव्हा ढोलीपाशी असतो, सकाळी सहाला निघावं लागेल. विहीणबाईंना उतार झेपणार नाही, त्या माझ्याबरोबर मागीलदारी रातांबे फोडायला बसतील. जावईबापूंना सांग, तिथे हात जोडायची सक्ती कोणावरच नाही. चपला मात्र राईच्या बाहेर काढायच्या, मुलांनीही आणि त्यांनीही.

तुझी,
आत्या