दिवा बॅटरीचा, दुखणे अल्टरनेटरचे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या यंत्राविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. विषय यंत्राचा आहे हे खरे. परंतु त्याचे मर्म आपल्याच इमारतीत शिकविल्या जाणार्‍या तर्कशास्त्रात आहे. 'बॅटरी उतरली, म्हणून बॅटरी खराब' हे अनुमान आपल्याकडे सर्रास केले जाते. त्यापायी चांगल्या बॅटर्‍या मोडीत जातात आणि खरा दोषी बॉनेटखाली तसाच फिरत राहतो. तो दोषी कसा ओळखावा आणि जुन्या छोट्या गाडीत तो बदलावा कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उदाहरण घेते ते आमच्या मामांच्या मारुती ८०० चे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि आटोपशीर बांधणी. अजूनही तालुक्याच्या गावी या गाड्या इमानाने राबताना दिसतात. मामांची गाडी २००४ सालची, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सातार्‍याला न्यावे लागते. जाताना पहाट असते आणि परतताना पुष्कळदा अंधार पडलेला असतो. ही गाडी वाटेत बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे.

पावसाळ्यात गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरीच्या दुकानदाराने जुनी बॅटरी 'गेली' म्हणून सांगितले आणि नवी बसविली. तीन आठवड्यांत नवीही उतरली. दुकानदार म्हणाला, ही 'खराब निघाली' असेल, फरक भरून मोठी घ्या. मी मामांना विचारले, की समोरच्या फळीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो का? ते म्हणाले, "अगं, लागतो ना मिणमिणता. तो दिवा बॅटरीचाच आहे, म्हणून तर बॅटरी बदलली!"

मामांचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. चिन्ह बॅटरीचे आहे, पण त्याचा अर्थ बॅटरी नव्हे. 'बॅटरीकडे वीज येत नाही' असे ते चिन्ह सांगत असते. घरातील नळ कोरडा पडला तर आपण माठ बदलत नाही.

गाडीत वीज तयार होते ती अल्टरनेटरमध्ये. बॅटरी ही केवळ साठवण. इंजिन सुरू करताना स्टार्टरला जो मोठा हिसका लागतो तो बॅटरी देते आणि त्यानंतर दिवे, वायपर, भोंगा, प्लगची ठिणगी या सर्वांचा खर्च अल्टरनेटर चालवितो व बॅटरीचे घेतलेले कर्जही फेडतो. तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखविले तेच : तारेच्या वेटोळ्यापुढे चुंबक हलला की तारेत वीज उत्पन्न होते. अल्टरनेटरच्या पोटात फिरणारा भाग म्हणजे विद्युतचुंबक. त्याला रोटर म्हणतात. त्याच्या भोवती तारांच्या तीन गुंडाळ्या स्थिर बसविलेल्या असतात. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा येतो, तो रोटरला इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगाने फिरवितो. गुंडाळ्यांत जी वीज उपजते ती प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज चालते. म्हणून डायोड नावाचे छोटे दरवान बसविलेले असतात. ते विजेला एकाच बाजूने जाऊ देतात. रोटरचे चुंबकत्व कमीजास्त करून दाब आवरणारा रेग्युलेटर हा शेवटचा घटक.

जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर गाड्यांत याच्या जागी डायनॅमो असे. त्यात सगळी जड वीज कार्बनच्या ब्रशांतून बाहेर पडे, त्यामुळे ब्रश लवकर झिजत आणि इंजिन मंद चालू असताना विजेची आवक जवळजवळ थांबे. स्वस्त डायोड मिळू लागल्यावर चित्र बदलले; १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे सर्वत्र तोच रूढ झाला. यात ब्रश आहेतच, पण त्यांतून फक्त रोटरला चुंबक बनविणारी थोडकी वीज जाते. म्हणून ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि म्हणूनच ते झिजतात हे लोक विसरतात.

आता त्या लाल दिव्याकडे वळू. त्याच्या एका टोकाला किल्लीतून बॅटरीचा दाब येतो, दुसरे टोक अल्टरनेटरला जोडलेले असते. किल्ली फिरविली, इंजिन बंद आहे, एका बाजूला दाब आहे, दुसरीकडे नाही, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की दुसर्‍या टोकालाही तेवढाच दाब येतो. दोन हौदांतील पाण्याची पातळी सारखी झाली की मधल्या पाटातून पाणी वाहत नाही, तसा दिवा विझतो. तो मिणमिणत राहिला तर दोन पातळ्यांत अंतर आहे असे समजावे. आणि किल्ली फिरविल्यावर तो मुळीच लागत नसेल तर आनंद मानू नये. पुष्कळ गाड्यांत रोटरला पहिली चेतना या दिव्यातूनच मिळते. दिवा जळालेला असेल तर धडधाकट अल्टरनेटरही झोपून राहू शकतो.

तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती आपण पाठ करतो. त्यांतील व्यतिरेक पद्धती येथे अक्षरशः उपयोगी पडते : बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवावी, एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. साधन म्हणजे एक साधा मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून तेथेच पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला तर अल्टरनेटर काम करीत आहे. जागचा हलला नाही किंवा उलट खाली आला, तर वीज येत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी उकळून मरणार आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मामांच्या गाडीचे आकडे असे : सकाळी १२.१, इंजिन चालू असताना १२.०, पुढचे दिवे लावल्यावर ११.६. नवी बॅटरी निर्दोष होती. तिच्याकडून सगळेच घेत होते, तिला देणारे कोणी नव्हते.

याचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे, म्हणजे नऊ अँपिअर त्यांतच गेले. मागचे दिवे, वायपर, ठिणगी, रेडिएटरचा पंखा धरून पंधराच्या घरात खर्च जातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर सव्वादोन तास पुरेल; पण ती निम्मीच भरलेली असेल तर तासाभरातच दिवे पिवळे पडू लागतात. सातार्‍याहून पावसात, आजीला मागच्या आसनावर आडवी करून येताना तेवढाच अवधी हाताशी होता.

तरीही अल्टरनेटरला लगेच फाशी देऊ नये. आधी पट्टा पाहावा. या गाडीत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. मेकॅनिक त्याला अजून 'फॅन बेल्ट' म्हणतात, जरी पंखा विजेवर चालतो. मोठी मौज आहे भाषेची! पण परिणाम मौजेचा नाही : चालत्या गाडीत लाल दिवा एकाएकी लख्ख लागला तर पट्टा तुटला असण्याचा संभव असतो आणि तसे असेल तर पाणी फिरत नाही. लगेच थांबावे, 'घरापर्यंत जाईल' असे म्हणू नये, इंजिन तापून बसेल. आमचा पट्टा शाबूत होता. मग अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या टोकावर दाब मोजला. इंजिन बंद असतानाही तेथे बॅटरीइतकाच दाब मिळाला, म्हणजे तार मध्ये तुटलेली नव्हती. पट्टा काढून पुली हाताने फिरविली, तर आत वाळू असल्यासारखी खरखर लागली आणि पुली वरखाली हलली. बेरिंग गेले होते.

येथे एका घातक सवयीविषयी सांगितलेच पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार उपसायची आणि इंजिन चालू राहिले तर 'चार्जिंग ठीक' असा निकाल द्यायचा, ही परीक्षा अनेक गॅरेजांत अजून चालते. डायनॅमोच्या काळातील हे घराणे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली की दाब एकदम उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर व इंधन-फवारणीच्या गाड्यांतील संगणक यांचा बळी जाऊ शकतो. कोणी असे करू लागला तर नम्रपणे हात धरावा.

दुरुस्ती की बदल? नुसते ब्रश झिजले असतील तर वाहनांचे विजेचे काम करणारा ते थोडक्यात बदलून देतो आणि तेच करावे. पण बेरिंग खिळखिळे आणि ब्रश जेथे घासतात त्या तांब्याच्या कड्यांवर चर पडलेले, अशी अवस्था असेल तर जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. दुसरा घेताना जुना काढून दुकानात न्यावा आणि शेजारी ठेवून पाहावा : बोल्टाचे कान त्याच अंतरावर आहेत का, पुलीची खाच त्याच पट्ट्याची आहे का, तारांचा सॉकेट तोच आहे का. एकाच नावाच्या गाडीचे वेगवेगळ्या वर्षांचे अल्टरनेटर निराळे असू शकतात.

काम आम्ही शेजारच्या निवृत्त मेकॅनिक काकांच्या देखरेखीखाली केले. ते खुर्चीवर बसून होते. हात माझे आणि मामांचे. इंजिन गार असावे. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. हा उपचार नव्हे. अल्टरनेटरची जाड तार बॅटरीला थेट जोडलेली असते, किल्ली बंद असली तरी जिवंत असते. पाना तिला आणि इंजिनाला एकदम टेकला तर ठिणग्यांचा फवारा उडतो. मग मोबाइलवर तारांचे छायाचित्र घ्यावे, सॉकेट आणि जाड तारेचे नट सोडवावे. वरचा बोल्ट लांबट खाचेच्या पट्टीत असतो, तो ताणासाठी; खालचा लांब बोल्ट बिजागरीचा. दोन्ही सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा सुटतो. गंज असेल तर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे. वातानुकूलन असलेल्या गाडीत हाताला जागा कमी मिळते आणि खालून शिरावे लागते. अशा वेळी केवळ जॅकवर विसंबू नये, खाली भक्कम स्टँड द्यावेत.

लांब बोल्ट शेवटी ओढावा आणि तेव्हा दुसरा हात खाली असावा, कारण तीन-चार किलोचे हे धूड एकदम सुटते. अडकले तर हलवून हलवून काढावे. अंग अ‍ॅल्युमिनियमचे असते, हातोडा मारू नये. "रागावलास की पन्नास रुपयांचा बोल्ट पाचशेला पडतो," असे काका मामांना म्हणाले.

नवा बसविताना क्रम उलटा. आधी लांब बोल्ट, मग वरचा, दोन्ही सैल, मग पट्टा. लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेरच्या बाजूला रेटून वरचा बोल्ट आवळावा, नंतर खालचा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबले असता पट्टा अर्धा ते एक सेंटिमीटर दबावा. सैल राहिला तर किंचाळतो आणि घसरतो. फार ताणला तर नवे बेरिंग आणि पाण्याचा पंप दोन्ही लवकर जातात. जाड तारेचा नट घट्ट करून त्यावर रबरी टोपी चढवावी. ऋण तार सर्वांत शेवटी.

एक गोष्ट काकांनी आधीच करून घेतली होती : उतरलेली बॅटरी रात्रभर चार्जरवर लावून पूर्ण भरली. अगदी रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे नव्या अल्टरनेटरवर पहिल्याच दिवशी टाकले तर तो तापतो.

इंजिन सुरू केले. लाल दिवा लागला आणि विझला. मीटरवर १४.२, दिवे, वायपर, पंखा सर्व लावून १३.९. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा ताणतो, म्हणून दोनतीनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा अंगठ्याने दाबून पाहावा. जुना अल्टरनेटर भंगारात टाकू नये. त्यात तांबे असते आणि पुनर्बांधणी करणारे तो बदल्यात घेतात. मामांना नव्याच्या किमतीत त्याची वजावट मिळाली.