भेदरलेल्या मुलांना काय सांगावे?

३० मार्च २०२५ रोजी, ईद एका दिवसावर आलेली असताना, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत भल्या पहाटे जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट घडवण्यात आला. अल्लाहच्या कृपेने कोणी जखमी झाले नाही. परंतु अशी बातमी मोबाइलवरून घराघरांत पोचते, आणि ईदच्या नव्या कपड्यांची वाट पाहणारे मूल विचारते, “अब्बा, उद्या नमाजला गेलो तर आपल्यालाही काही होईल का?”

अशा वेळी आपण काय करतो? एक तर “तू खेळ जा” म्हणून त्याला गप्प करतो, किंवा त्याच्यादेखत संतापाने बोलत राहतो. दोन्ही वेळी मूल आपल्या भीतीसोबत एकटेच उरते.

ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार, एका रात्री मोठा आवाज होऊन मदीनेचे लोक घाबरले व आवाजाच्या दिशेने निघाले. तोच प्रेषित मुहम्मद (स.) समोरून परत येताना दिसले. ह. अबू तलहा (रजि.) यांच्या खोगीर नसलेल्या घोड्यावरून ते सर्वांच्या आधी तेथे जाऊन आले होते. मग त्यांनी लोकांना घाबरू नका असे सांगितले. (बुखारी, मुस्लिम)

येथील क्रम ध्यानात घ्या: आधी शहानिशा, मग दिलासा. सूरह हुजुरातची सहावी आयतही बातमीची खात्री करून घेण्याची आज्ञा देते. म्हणून प्रथम स्वतः खरे काय ते जाणून घ्या आणि ऐकीव चित्रफिती पुढे पाठवू नका. मग मुलाला जवळ बसवून त्याने काय ऐकले ते विचारा, आणि त्याच्या वयाला पेलेल इतकेच, पण खरे सांगा. “कधीच काही होणार नाही” असे वचन देऊ नका. “आम्ही तुझ्याजवळ आहोत, आणि अल्लाह आपला रक्षक आहे” हे मात्र निःशंकपणे सांगा.

हेही सांगा की त्याच दिवशी पोलिसांनी दोघांना अटक केली. अपराध करणाऱ्याचा असतो, त्याच्या साऱ्या समाजाचा नसतो. कोणत्याही लोकसमूहाच्या वैराने न्याय सोडू नका, ही सूरह माइदाची (आयत ८) शिकवण मुलाला अशाच दिवशी उमगते.

रात्री निजताना त्याच्यासोबत सूरह फलक व सूरह नास पठण करा. आणि ईदच्या सकाळी त्याचा हात धरून त्याला नमाजला घेऊन जा.