महिने मोजून फळझाडे लावा

मे महिना सरत आला की रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. घरामागे गुंठाभर जागा असलेली माणसे हापूसची दोन कलमे, एखादा फणस आणि एखादे चिकू घेऊन येतात आणि जागा भरली म्हणजे बाग झाली असे समजतात. दहा वर्षांनी त्या परसात गर्द सावली असते, मे महिन्यात तीन आठवडे आंब्याचा ढीग असतो आणि वर्षाच्या बाकीच्या दिवसांत घरातल्या मुलांच्या वाट्याला बाजारातले फळ येते. यात कष्ट कमी पडलेले नसतात, हिशेब चुकलेला असतो. बागायतदार एकरी टन मोजतो. त्याला माल विकायचा असतो, म्हणून सगळी फळे एका हंगामात, एका आकाराची यावीत ही त्याची गरज रास्त आहे. परसबागेत मात्र वर्षाच्या किती महिन्यांत घरच्या झाडाचे फळ ताटात पडते, हे मोजायचे असते. यंदा रोप निवडताना हा एवढा एक हिशेब धरला, तर झाडांची निवड, त्यांच्यातले अंतर आणि छाटणी हे तिन्ही प्रश्न आपोआप वेगळ्या रीतीने सुटतात.

आधी जागेचा हिशेब पाहू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. हापूससाठी पूर्वापार सांगितलेले अंतर १० मीटर बाय १० मीटर आहे. म्हणजे पूर्ण वाढलेला एक आंबा अख्खा गुंठा घेतो. परंतु आंबा एवढा वाढलाच पाहिजे असा नियम नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली आम्रपाली ही ठेंगणी जात अडीच मीटर बाय अडीच मीटरवर लावता येते. हेक्टरी १०० झाडांच्या जागी १६०० झाडे बसतात. पेरूत तर याहून पुढे मजल गेली आहे. लखनौच्या केंद्रीय संशोधन संस्थेने २ मीटर बाय १ मीटरवर पेरू लावून, वारंवार छाटून झाड माणसाच्या हाताखाली ठेवण्याची पद्धत रुजवली. त्यात एका झाडाला अवघी दोन चौरस मीटर जागा लागते. ही तंत्रे व्यापारी बागेसाठी निघाली असली, तरी त्यांचा खरा लाभ परसबागेला आहे. आठ फुटांवर एक झाड धरले आणि वावरायला वाट सोडली, तर एका गुंठ्यात दहा-बारा निरनिराळी झाडे सहज बसतात. शिवाय कुंपणाच्या दोन बाजूंना तीन-तीन फुटांवर करवंद लावले, तर वीसेक जाळ्या उभ्या राहतात. त्यांनी कुंपणही होते आणि उन्हाळ्यात फळही मिळते.

यावर पहिला आक्षेप छाटणीचा येतो. वाढत्या झाडावर कात्री चालवायला हात धजत नाही, आणि फांदी गेली म्हणजे फळ गेले असे वाटते. ही भीती झाडागणिक तपासून पाहिली पाहिजे. पेरू, बोर, फालसा, अंजीर आणि तुती यांना फळ नव्या फुटीवर येते. त्यांची छाटणी टाळली तर जुन्या लाकडाचे जंगल वाढते आणि फळ शेंड्याकडे सरकते, म्हणजे हाताला येत नाही. बोरीचे झाड उन्हाळ्यात विसावा घेते, म्हणून एप्रिल-मे हा तिच्या खरड छाटणीचा काळ. अजून छाटली नसेल तर आता एक दिवसही दवडू नये. फालसा डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून तीनेक फुटांवर छाटला की एप्रिल-मे महिन्यांत नव्या काड्यांवर फळ देतो. आंब्याचे गणित मात्र निराळे आहे. त्याचा मोहोर पक्व झालेल्या शेंड्यावर येतो, म्हणून त्याची हलकी छाटणी फळ उतरवताच, जून अखेरपर्यंत आटोपावी. पुढे थंडीच्या तोंडावर कात्री लावली, तर त्या वर्षी मोहोराऐवजी पालवीच पाहावी लागेल. छाटल्यावर जाड फांदीच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. घरापुरते करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून एकत्र करावा आणि एकूण पाणी एक लिटर धरावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको.

आता महिने मोजू. आपल्याकडे तुती फेब्रुवारी-मार्चला पिकते. करवंद, फालसा आणि आंबा एप्रिलपासून जूनच्या तोंडापर्यंत साथ देतात. मे संपताना जांभूळ येते. भर पावसाळ्यात झाडावर लिंबू लगडलेले असते. ऑगस्टच्या पुढे दिवाळीपर्यंत सीताफळ, नोव्हेंबरपासून पेरू आणि आवळा, डिसेंबर-जानेवारीत बोर. केळीचे एक बेट आणि पपईची दोन झाडे मधली खिंडारे बुजवतात. म्हणजे सात-आठ प्रकार नीट निवडले तर जवळजवळ प्रत्येक महिन्याला एक फळ मिळते. पेरूत महिना थोडाफार आपल्या हाती असतो. त्याचे पावसाळ्यात पिकणारे फळ पाणचट असते आणि त्याला फळमाशीही जास्त लागते. मृग बहाराचे, म्हणजे जून-जुलैला फुलून थंडीत पिकणारे फळ गोड आणि भरदार असते. म्हणून उन्हाळ्यात पेरूला पाणी बेताचे द्यावे आणि मे महिन्यात फांद्यांचे शेंडे छाटावेत. पाऊस पडताच नवी फूट येते आणि तिच्यावर मृगाची फुले दिसू लागतात. सरदार म्हणजेच लखनौ-४९ ही जात पुण्याच्या गणेशखिंड बागेतच निवडली गेली. आपल्या हवेत ती मुरलेली आहे आणि परसासाठीही चांगली.

दुसरा आक्षेप पैशाचा. बाजारात सगळी फळे मिळतात, मग घरी एवढा खटाटोप का करावा? बाजार कोणती फळे आणतो, ते पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. जे फळ पेटीत बसते, ट्रकचा प्रवास सोसते आणि दुकानात आठवडाभर टिकते, तेच शहरात पोहोचते. तुतीची साल इतकी नाजूक असते की तोडल्यावर एक-दोन दिवसांत तिला पाणी सुटते. फालशाचेही तेच. झाडावर पिकलेले अंजीर आणि पूर्ण डोळे उघडलेले सीताफळ हाताच्या दाबानेच फुटते. प्रवास न सोसणारी ही फळे फक्त परसातच खरी मिळू शकतात. केळी आणि चिकू बाजारातून आणता येतील. ताजा फालसा आणायला जागा सापडणार नाही. म्हणून जागा कमी असेल तर बाजारात जे सहज मिळते ते झाड आधी वगळावे, आणि जे फळ पाटीतून उतरवण्याआधीच खराब होते त्याला पहिला मान द्यावा.

तिसरा मुद्दा परदेशी झुडपांचा. अलीकडे ब्लूबेरी, रास्पबेरी यांची रोपे घरपोच मिळतात आणि फोटो पाहून मन भुलते. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामू असलेली आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, शिवाय तिच्यात चुनखडी असते. तिथे ब्लूबेरीला लोह शोषता येत नाही, पाने पिवळी पडतात आणि झाड वर्षा-दोन वर्षांत खंगते. तिच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात लागणारी थंडीही आपल्याकडे भरत नाही. कुंडीत वेगळी माती करून हौस भागवता येईल, पण तिच्यावर महिन्यांचा हिशेब बांधू नये. स्ट्रॉबेरीची गोष्ट जरा वेगळी. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत तिने घर केले आहे. इतर ठिकाणी ऑक्टोबरमध्ये कुंडीत रोप लावून उन्हाळा तापण्यापूर्वी संपणारे हंगामी पीक म्हणून ती घ्यावी. पण ज्यांना झुडपांवरची छोटी, रसाळ फळे हवी आहेत, त्यांच्यासाठी करवंद, तुती, फालसा आणि रायआवळा आपल्याच मातीत तयार आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाची कोकण बोल्ड ही करवंदाची जातही दिली आहे.

यादी मात्र सगळीकडे एकच चालणार नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत, मुसळधार पावसात कोकम, करवंद, जांभूळ आणि आंबा यांना प्राधान्य द्यावे. त्या दमट हवेत डाळिंबावर रोग फार येतात, म्हणून त्याचा हट्ट नको. मराठवाड्यात आणि देशावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बोर, सीताफळ, आवळा आणि डाळिंब हलक्या मुरमाड जमिनीतही तग धरतात. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचणे हा खरा शत्रू. जमीन कशी आहे, ते पाऊस येण्यापूर्वीच एका खड्ड्यात पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तिथे लिंबू आणि पपई नकोच. लावायचीच असेल तर फूट-दीड फूट मातीचा उंचवटा करून त्यावर लावावी. झाडांना दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून उंच वाढणारी झाडे उत्तरेच्या बाजूला ठेवावीत. त्यांची सावली मग झुडपांवर पडत नाही.

खड्डे अजून घेतले नसतील तर आजच घ्यावेत, कारण उरलेले ऊन त्यांना मिळणे महत्त्वाचे आहे. त्या उन्हाने किडींचे कोश आणि बुरशी मरते. पेरू, लिंबू, सीताफळ यांना दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो, आंब्याला तीन फुटांचा घ्यावा. वरच्या थराची माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा-एक किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा जमिनीच्या थोडा वर भरावा. पावसाने माती खाली बसते, हे आधीच धरलेले बरे. एक-दोन चांगले पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेली की लागवड करावी. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. त्यावरची प्लास्टिकची पट्टी जुनी झाली असेल तर सोडावी, नाहीतर खोड आवळले जाते. सांध्याखालून फुटणारे रानफुटवे दिसताच काढावेत. ते वाढू दिले तर वरचे कलम उपाशी राहते आणि काही वर्षांनी हाती खुंटाचेच झाड उरते.

रोप घेताना तीन गोष्टी विसरू नयेत. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेले रोप नर निघाले तर फळच धरत नाही, आणि हे कळायला कित्येक वर्षे जातात. म्हणून कोकम मादी झाडाच्या कलमाचेच घ्यावे. आवळ्याची एकच जात लावली तर फळधारणा कमी होते. शेजाऱ्यांशी ठरवून दोन परसांत कृष्णा आणि कांचन अशा दोन जाती लावल्या तरी दोघांचे काम भागते. कागदी लिंबाच्या बीतून मात्र मातृवृक्षासारखीच रोपे मोठ्या प्रमाणात येतात, म्हणून चांगल्या झाडाच्या बीचे रोप घ्यायला हरकत नाही. बाकी फळांसाठी दापोली, राहुरी, परभणी, अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकांतूनच रोपे घ्यावीत.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि राखणीचा आहे. झाड लहान ठेवले की हा आक्षेप बराचसा विरतो. हाताला येणाऱ्या तुतीवर पाखरांपासून बचावासाठी जुनी साडी किंवा जाळी टाकता येते. वीस फुटी झाडावर ते जमत नाही. पेरू, सीताफळ कागदी पिशवीत बांधता येतात. गळालेली किडकी फळे रोज गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरली आणि बागेत मिथाइल युजेनॉलचा एक सापळा टांगला की फळमाशी आटोक्यात राहते. बुंध्याभोवती चार-सहा इंच पालापाचोळ्याचे आच्छादन टाकले की पाणी आणि खुरपणी दोन्ही वाचतात. फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. भांडी धुतलेले पाणी केळीला चालते, पण धुण्याच्या सोड्याचे पाणी काळ्या जमिनीत टाकू नये. तिच्यात आधीच क्षार असतात, ते त्याने वाढतात आणि माती घट्ट होते. पहिली दोन वर्षे एवढी काळजी घेतली की पुढे बोर, करवंद, सीताफळ यांना फारसे पाणी लागत नाही.

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्यापुढे परसात आज कोणते फळ मिळते ते लिहा. जुन्या झाडांनी काही महिने भरले असतील, काही कोरे असतील. त्या कोऱ्या महिन्यांत पिकणारी, आपल्या जमिनीला मानवणारी आणि बाजारात न मिळणारी फळे निवडून तेवढीच रोपे आणा, आणि सर्वांत लांब कोरी रांग ज्या फळाने तुटते, त्याचा खड्डा आधी भरा.