नेणे, नुरे, नये : जुन्या मराठीतील नकाराची जोडरूपे

'नेणे' हा शब्द आज कोणाही विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर त्याचा अर्थ तो 'घेऊन जाणे' असाच सांगेल. जुन्या ओवीत किंवा अभंगात मात्र हाच शब्द 'मी जाणत नाही' या अर्थाने येतो. 'नाणी' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे रुपये-पैसे उभे राहतात. संतांच्या रचनेत 'नाणी' म्हणजे 'आणत नाही'. 'नुरे' या शब्दाचा अर्थ तर त्याला लागतच नाही. तो चुकून 'उरे' असा वाचला गेला, की कवीने जे नाकारले तेच त्याच्या तोंडी घातले जाते. प्राचीन काव्याच्या अध्यापनात इतर शब्द अडले, तर अर्थ अपुरा राहतो. या शब्दांच्या बाबतीत मात्र तो उलटा होतो. म्हणून त्यांचा थोडा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

या सर्व रूपांच्या प्रारंभी 'न' हे नकारदर्शक अव्यय आहे. आजच्या मराठीत नकार बहुधा क्रियापदानंतर येतो: आवडत नाही, उरत नाही, ऐकत नाही. जुन्या मराठीत तो क्रियापदाच्या आधी येत असे आणि पुष्कळदा त्यात मिसळून जात असे. न आवडे म्हणजे नावडे, न आठवे म्हणजे नाठवे, न उरे म्हणजे नुरे, न उमजे म्हणजे नुमजे, न ओळखे म्हणजे नोळखे. क्रियापदाचा आरंभ स्वराने होत असेल, तर 'न' मधील अकार लोपतो आणि पुढील स्वर जसाच्या तसा 'न' वर बसतो.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्कृत संधिनियमांप्रमाणे न आणि उ यांचा गुण होऊन 'नोरे' असे रूप व्हावयास हवे होते. तसे ते होत नाही. ही मराठीची स्वतःची संधी आहे. एक अधिक एक यांचे 'एकेक' होते किंवा घाम आणि ओळे यांचे 'घामोळे' होते, त्याच जातीची. शालेय व्याकरणात ती पररूप संधी म्हणून शिकविली जाते. 

क्रियापद व्यंजनाने सुरू होत असेल, तर प्रकार अधिक मौजेचा आहे. न देई याचे 'नेदी' होते, न घेई याचे 'नेघे' होते, न होय याचे 'नोहे' आणि पुढे 'नव्हे' होते. क्रियापदातील एकार किंवा ओकार जणू एक पाऊल मागे सरकून 'न' ला बिलगतो. 'नेणे' ची वाट थोडी निराळी आहे. प्राकृतात नकारानंतर 'जाण' मधील जकार मृदू होऊन 'याण' असा उच्चार होई. त्या 'ण याण' पासून नेणे हे रूप सिद्ध झाले.

ही रूपे म्हणजे कवीने छंदाच्या सोयीसाठी घेतलेली मोकळीक होय, असे वर्गात सांगण्यात येते. ते खरे नाही. त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात 'लीळाचरित्र' या ग्रंथात एकत्र केल्या. तो ग्रंथ गद्य आहे. त्यास मात्रा-अक्षरांचे बंधन नाही, यमकाची अडचण नाही. बोलले गेले तसे नोंदविण्याकडे संकलकाचा कटाक्ष आहे. तरीही त्यात नेणे, नेदी, नव्हे ही रूपे सहज येतात. म्हणजे ती त्या काळच्या माणसांच्या बोलण्यातील होती. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ती भेटतात, ती याच कारणाने. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. ते ज्या शाळेच्या ग्रंथालयात असेल, तेथील शिक्षकास हे सहज पडताळून पाहता येईल.

ज्ञानेश्वरीतील आणखी एक शब्द या संदर्भात पाहण्यासारखा आहे. 'आथी' म्हणजे आहे. संस्कृत 'अस्ति' चे ते रूप. त्याचा नकार 'नाथी', आणि त्यावरून 'नाथिले' म्हणजे जे मुळात नाहीच ते, खोटे, कल्पित. आज 'नाथिले' कोणी बोलत नाही, पण 'नसती उठाठेव', 'नसते उद्योग' हे आपण रोज बोलतो. शब्द बदलला, 'न' ला 'असणे' जोडण्याची रीत मात्र तीच राहिली.

इंग्रजीचे साम्य

इंग्रजी शिकविणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या काव्यात 'नूट' असे एक क्रियापद आढळते. 'ने' हे जुने नकारदर्शक आणि 'जाणणे' या अर्थाचे 'वोट' यांचे ते जोडरूप आहे. म्हणजे अक्षरशः आपले 'नेणे'. त्याच रीतीने 'विल' चा नकार 'निल' होई. तो जुना शब्द आजच्या 'विली-निली' या जोडशब्दात उरला आहे. त्याची रचना आपल्या 'असो वा नसो' सारखी आहे. 'नेव्हर', 'नन', 'नॉर' या नित्याच्या शब्दांतही तेच 'ने' दडलेले आहे, हे इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. 'इट इज' चे 'टिझ' हे रूप आज केवळ जुन्या कवितेत शोभते असे वाटते. शेक्सपिअरच्या काळी ते गद्यातही होते आणि व्यवहारातही. काळाच्या ओघात 'इट्स' ने त्याची जागा घेतली.

एक फरक मात्र आहे. छापील इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा अक्षराच्या माथ्यावर लोपचिन्ह असते, त्यामुळे वाचक सावध होतो. मराठीत तशी खूण नाही. पोथ्यांत आणि मोडी कागदांत तर शब्द तोडून लिहिण्याचाही प्रघात नव्हता. 'देणेनलगे' अशी अक्षरे सलग आली, तर ती कोठे तोडावयाची हे वाचणाऱ्यास आधीच माहीत असावे लागते. 'देणे न लगे' म्हणजे द्यावे लागत नाही. त्यातील 'न' निसटला, तर देणे माफ असलेल्या माणसावर देणे लागू होते.

कार्यालयीन मराठीतील अवशेष

ही रूपे केवळ पोथीत राहिली, असेही नाही. 'नसणे' हे तर स्वतंत्र क्रियापद बनून नसतो, नसला, नसावा अशी सर्व रूपे चालवू लागले. 'नेणणे' मागे पडले; तरी 'जाणते-नेणते' या जोडीत ते टिकले, आणि मानसशास्त्राने 'जाणीव' च्या विरुद्ध 'नेणीव' हा शब्द स्वीकारून त्यास नवे आयुष्य दिले. लोककथेतील नावडती राणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. 'सांगणे नलगे' हा प्रयोग भाषणांत व अग्रलेखांत अद्याप भेटतो.

पण सर्वांत अधिक चलन आहे ते 'नये' चे, आणि तेही शासकीय पत्रव्यवहारात. न ये म्हणजे येत नाही, इतकाच त्याचा मूळ अर्थ. करता येत नाही, म्हणजे शक्य नाही; त्यावरून योग्य नाही; आणि शेवटी मनाई, असा तो सरकत गेला. 'करता कामा नये' यातील 'कामा नये' म्हणजे 'कामास येत नाही'. परिपत्रकाचा मसुदा करणाऱ्याने हा भेद सांभाळावयास हवा. 'अर्ज स्वीकारण्यात येत नाहीत' ही माहिती झाली. 'अर्ज स्वीकारण्यात येऊ नयेत' हा आदेश झाला. एकाऐवजी दुसरे लिहिले गेले, तर ग्रामपंचायतीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला परत जावे लागते.

याच संदर्भात 'ना हरकत', 'नामंजूर', 'नादुरुस्त' यांचाही उल्लेख करावा लागेल. यांतील 'ना' फारसीतून आलेला आहे आणि तो नामांना व विशेषणांना लागतो. 'नापीक' मध्ये तो देशी शब्दालाही जोडला गेला. 'नावडता' मधील 'ना' मात्र न आणि आ यांच्या संधीने झालेला आहे. ओळखण्याची सोपी युक्ती अशी की, 'ना' काढून पाहावा: 'मंजूर' उरतो, 'दुरुस्त' उरतो, पण 'वडता' असा शब्द नाही. 'नाकळे' या रूपात मात्र ही युक्ती फसते. तेथे 'कळे' उरते खरे, परंतु मूळ क्रियापद 'आकळणे' आहे.

वर्ध्याच्या शिक्षकांस या पाठासाठी दोन साधने हाताशी आहेत. गोपुरी येथील गीताई मंदिरात विनोबांची संपूर्ण गीताई शिलांवर कोरलेली आहे. विनोबांनी ती १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच रचली. तीत 'नसे' सारखी जोडरूपे आणि 'न' सुटा ठेवलेली रूपे, दोन्ही भेटतात. विद्यार्थ्यांनी ती शिलांवरून शोधून वहीत दोन रकान्यांत लिहून घ्यावी. तास त्यातच संपेल. दुसरे साधन म्हणजे त्यांची स्वतःची बोली. 'तो घरी नसन' असे मुलगा म्हणाला, की त्याला 'नसेल' म्हणावयास लावले जाते. प्रमाण भाषा त्याला यावी, हे योग्यच. पण दुरुस्त करण्यापूर्वी फळ्यावर 'न + असन = नसन' आणि त्याखाली 'न + उरे = नुरे' असे लिहावे. ज्ञानेश्वरीतील अडलेला शब्द ज्या नियमाने सुटतो, तो नियम हा मुलगा शाळेत येण्यापूर्वीच वापरीत होता.