दहावा माणूस येईपर्यंत

सिनेगॉगच्या बाकांवर बाहेरचे तीस जण येऊन बसले, तरी सामुदायिक प्रार्थनेच्या हिशेबात त्यांची गणती होत नाही. आपल्याकडच्या परंपरेत तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष जमावे लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा भरले नाहीत, तर दिवंगतांसाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणता येत नाही, सेफेर तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं, जाहीर वाचनही होत नाही. मी हे वाचलं होतं. त्यात काय दुखतं, ते मुंबईतल्या एका सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी बघितलं.

बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या मैत्रिणीबरोबर मी वरच्या सज्ज्यात, बायकांमध्ये बसले होते. खाली एका वारसा-सहलीची मंडळी चांगली दोन-तीन रांगा भरून बसलेली. समाजाचे पुरुष मात्र नऊच. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ वडिलांच्या पुण्यतिथीचं कद्दिश म्हणायला लांबून आले होते. सगळे थांबले. कुणीतरी दहाव्याला आणायला चालत गल्लीत गेलं. सहलीच्या लोकांना वाटलं, मध्यंतर झालं. झुंबरांवर चर्चा सुरू झाली, एकाने मोबाइल काढून त्या आजोबांचा फोटो घेतला. दहावा माणूस धापा टाकत आला, आजोबा उभे राहिले, आणि नेमकी तेव्हाच सहलीची वेळ संपली. बाकं सरकली, चपला वाजल्या, आणि त्या गोंगाटात कद्दिशचे पहिले शब्द ऐकूच आले नाहीत. मैत्रीण काही बोलली नाही. मला मात्र फार राग आला, अजूनही येतो.

त्या लोकांच्या मनात वाईट नव्हतं. सिनेगॉग म्हणजे जुनी वास्तू, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. वास्तू जुन्या आहेतच. मुंबईतलं ‘शार हारहामिम’ 1796 सालचं, पुण्याचं लाल देऊळ 1867चं. पण 1948नंतर समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली आणि मागे उरलेल्यांवर ही प्रार्थनास्थळं चालू ठेवण्याचा भार आला. म्हणून सहल काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वास्तू बघायला परवानगी घेऊन आठवड्याच्या इतर दिवशी जा. प्रार्थनेला जायचं असेल, तर दोघं-तिघंच जा.

आधी फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईतल्या नरीमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून दारावर चौकशी कडक असते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि पहारेकऱ्याने चार प्रश्न विचारले तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्यांदा जाताना शुक्रवारची संध्याकाळ बरी. शब्बाथचं, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत होतं, गाणी असतात, प्रार्थनाही आटोपशीर असते. शनिवारची सकाळ दोन-तीन तासांची. एवढा वेळ हातात असेल तरच जा. योम किप्पुरला, म्हणजे जवळजवळ पंचवीस तासांच्या कडक उपवासाच्या दिवशी, अगत्याने बोलावणं आल्याशिवाय जाऊच नये.

पुरुषांनी डोकं झाकायचं. दारापाशी टोप्या ठेवलेल्या असतात. झालरीची शाल, तल्लित, मात्र पाहुण्याने अंगावर घ्यायची नाही. बायकांनी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पादत्राणांचं दारातच विचारा, कारण सगळीकडे एक रीत नाही; कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये अनवाणीच जावं लागतं. नारळ, हार, पेढे काही नेऊ नका. शब्बाथला तिथे पैशांना हात लावत नाहीत, त्यामुळे खिशातून नोट काढून पुढे करू नका. देणगी द्यायची असेल तर सोमवारी द्या, आनंदाने घेतील. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा, आणि वही-पेनही. शब्बाथला लिहिणंही वर्ज्य आहे, आणि टिपणं घेणारा पाहुणा फोटो काढणाऱ्याइतकाच खुपतो.

आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून तोराच्या गुंडाळ्या ठेवलेलं कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असतं. ते उघडलं की सगळे उभे राहतात, आपणही राहावं. मग एक वेळ अशी येते की सगळे उभे असूनही सभागृह शांत होतं, फक्त ओठ हलतात. ती अमिदा. या वेळी जागचं हलू नका, कुणाच्या पुढून तर मुळीच जाऊ नका. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उजवीकडून उघडतं; ते जमिनीवर ठेवू नका. हिब्रू येत नसेल तर ओठ हलवण्याचं सोंग करायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं.

शेवटी किद्दुश, म्हणजे पेल्यावर म्हटला जाणारा आशीर्वाद, असतो. बेने इस्राएलांकडे त्याला बहुतेकदा काळ्या मनुकांचं सरबत असतं. आशीर्वाद पूर्ण होऊन पेला हातात दिला जाईपर्यंत थांबा. मग ‘शब्बाथ शालोम’ म्हणा आणि गप्पा मारा, पण ‘तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता?’ हे कृपा करून विचारू नका. मराठी त्यांचीच भाषा आहे; दिवेकर, पेणकर, केहीमकर ही त्यांची आडनावं कोकणातल्या गावांवरून पडली आहेत. पुढच्या वेळी कधी आलो तर सोयीचं होईल, ते मात्र जरूर विचारा, आणि ते ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी जाऊ नका.