साफसफाईच्या कामाचा दर कसा काढावा

'टू बीएचके आहे, किती घ्याल?' असं फोनवर विचारलं की लगेच आकडा सांगून मोकळं होऊ नका. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत कामाचा दुपटीचा फरक निघतो. पक्का दर घर पाहूनच द्या.

पाहणीला जाताना एक चिंधी, थोडं भांड्यांचं लिक्विड आणि टॉर्च न्या. सुरुवात स्वयंपाकघरापासून. गॅसमागची एकच टाइल पुसून बघा. एका हातात स्वच्छ झाली तर ठीक. चिंधी चिकटून ओढली गेली आणि पिवळा थर तसाच राहिला, तर ओटा, चिमणीची जाळी आणि वरची कपाटं यांना दुप्पट वेळ धरा. बाथरूममध्ये नळावरचा पांढरा थर नखानं खरवडून बघा. बोअरचं पाणी असेल तर क्षार घट्ट बसलेले असतात. फरशी संगमरवरी असेल तर ॲसिड अजिबात चालत नाही, म्हणून हातानं घासायचा वेळ वाढतो. कायमचा डाग दिसला तर तो जाणार नाही, हे तिथेच सांगा. उंचावर बाहेरून काच पुसायचं काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका.

आता तास मांडा. समजा, स्वयंपाकघर ५, दोन बाथरूम ४, पंखे-जाळ्या-खिडक्या ५ आणि फरशी २, असे एका माणसाचे १६ तास. चारजणी जाणार असतील तर जाण्यायेण्याचा आणि चहापाण्याचा प्रत्येकीचा एक तास त्यात मिळवा. झाले २०. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर २,००० रुपये. लिक्विड, पावडर, स्क्रबर ३००. टेम्पो ५००. २०,००० चा व्हॅक्युम क्लीनर २०० कामं चालेल असं धरलं, तर प्रत्येक कामामागे १००. पाहणीचा आणि देखरेखीचा तुमचा स्वतःचा वेळ ३००. हा बहुतेकजण धरतच नाहीत. एकूण खर्च ३,२००. तुमच्या गावातले आकडे घालून हीच मांडणी करा.

नफा काढताना गफलत होते. २० टक्के नफा हवा म्हणून ३,२०० वर २० टक्के चढवले की ३,८४० होतात, पण त्यातले ६४० म्हणजे दराच्या जेमतेम १७ टक्के. ३,२०० ला ०.८ नं भागा: दर ४,०००. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून जीएसटी नोंदणी केलेली नसेल, तर बिलात कर लावता येत नाही.

दर व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा. काय काय करणार ते लिहाच, पण काय नाही तेही लिहा: कपाटं आतून, पोटमाळा, गाद्या, रंगाचे डाग. ॲडव्हान्स किती, तेही त्यातच.

घासाघीस होणारच, दिवाळीच्या तोंडावर तर हमखास. तेव्हा काम कमी करा, मजुरी नाही. 'खिडक्या वगळल्या तर इतके कमी होतील, ताई,' असं सांगता येतं. दिवसभर ॲसिडच्या वासात गुडघ्यांवर बसून घासणाऱ्या बाईच्या पैशातून गिऱ्हाइकाला सूट देणं मला पटत नाही, आणि अशा ठिकाणी चांगल्या कामाच्या बायका टिकतही नाहीत.

काम उरकलं की प्रत्येक खोलीला प्रत्यक्षात लागलेले तास अंदाजाशेजारी वहीत लिहा. लागोपाठ तीन-चार कामांत बाथरूमच जास्त वेळ खात असेल, तर पुढच्या दरात बाथरूमचे तास वाढवा.