जत्रेची परवानगी आणि गावाचा आपत्ती आराखडा

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके भीमा नदीच्या दोन तीरांवर वसलेले आहेत. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेस मिळते. खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुणे शहर ओलांडून याच वाटेने दौंडकडे येते. त्यामुळे येथील नदीकाठच्या ग्रामपंचायतींना पुराचा विचार नवा नाही. जत्रेचा विचार मात्र निराळ्या दप्तरात होतो. जत्रा चैत्र-वैशाखात आणि पूर पावसाळ्यात, असा सोयीस्कर समज त्यामागे आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा भेद मानीत नाही. अपघात किंवा निष्काळजीपणा यांतून ओढवलेली मोठी हानीही त्याच्या व्याख्येत येते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असून, त्याच्या देखरेखीखाली स्थानिक संस्थांनीही आपला आराखडा तयार करावयाचा आहे. त्याच वर्षी २५ जानेवारी रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद चढाची वाट आणि तिला लागून थाटलेली दुकाने! यांतील कोणतीही गोष्ट आदल्या दिवशी डोळ्यांना दिसत नव्हती असे नाही.

शिरूर तालुक्यात जत्रा म्हटली की बैलगाडा आलाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असून, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. नियमांचा मुख्य रोख बैलांना क्रूर वागणूक मिळू नये यावर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु घाटाच्या दोन्ही अंगांस दाटीने उभ्या राहणाऱ्या माणसांची व्यवस्था गावाच्या माहितीवाचून होऊ शकत नाही. घाटाच्या माथ्यावर बैल आवरण्यास किती जागा आहे, कठडा नसलेली विहीर कोठे आहे, विजेची तार कोठून गेली आहे, रुग्णवाहिका कोणत्या वाटेने बाहेर पडेल, हे तलाठ्यापेक्षाही शेजारच्या शेतकऱ्यास अधिक ठाऊक असते. ‘हरकत नाही’ एवढ्या दोन शब्दांच्या ठरावात यातील काहीच उतरत नाही. ठरावासोबत जागेचा हाती काढलेला नकाशा जोडला, तरी तहसील व पोलीस ठाण्यास अटी नेमक्या घालता येतात. तोच नकाशा आपत्ती आराखड्यासही लावता येतो.

दौंडमध्ये प्रश्न वेगळा आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम यवत व वरवंड येथे असतो, तो ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे पावसाच्या तोंडावर. येथे ऋतूंची विभागणी उपयोगी पडत नाही. मुक्कामाची जागा ठरविताना पावसाचे पाणी कोठे साचते, वारकऱ्यांना रात्री हलवावे लागल्यास कोणत्या शाळा उघडावयाच्या, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे राहतील आणि धरणातून पाणी सोडल्याचा निरोप नदीकाठच्या वस्तीवर कोण पोहोचविणार, हे नावानिशी ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवावे लागते.